चिक्कीचे कुळ आणि शील

इंग्रजी शिकलेल्या आमच्या घरांत मुलांच्या हाती 'कँडी' म्हणून जी रंगीत गोळी पडते ती विलायती, आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की मात्र अस्सल देशी, अशी एक समजूत रूढ आहे. तिच्यातून दुसरी समजूत आपोआप निघते; ती ही की, विलायती तेवढे बाधक आणि देशी तेवढे पथ्यकर. मूल गोळी मागू लागले की आई त्याला दात किडण्याचे भय घालते, आणि चिक्की मागू लागले की 'गूळच आहे, रक्त वाढेल' असे म्हणून डबा उघडते. कोल्हापूर हे गुळाचे गाव. येथे तर ही श्रद्धा अधिकच बळकट आहे. प्रस्तुत लेखात ह्या चिक्कीचे कुळ व शील दोन्ही तपासण्याचे आम्ही योजिले आहे. सोयरीक जुळविताना आपण जी चौकशी महिना-महिना करीत बसतो तिचा शतांशही मुलांच्या पोटात जाणाऱ्या जिनसांविषयी करीत नाही. तेव्हा हा खटाटोप कोणास अप्रस्तुत वाटू नये.

प्रथम नावाचीच गोष्ट घेऊ. 'कँडी' हा शब्द दिसण्यात साहेबी असला तरी जन्माने आपला आहे. संस्कृतातील 'खंड' म्हणजे साखरेचा खडा. तो इराणात जाऊन 'कंद' झाला, अरब व्यापाऱ्यांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठी उतरला, इटालियन व फ्रेंच तोंडांत घोळला, आणि शेवटी इंग्रजीत 'कँडी' होऊन, कागदात गुंडाळलेला असा, आपल्या दारी परत आला. 'शुगर' हीदेखील आपल्या 'शर्करे'चीच वंशज. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला ते नाव गोऱ्या साहेबाच्या 'कँडी'वरून पडले असे कित्येक लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. फारसी 'कंद' हा शब्द मराठी दरबारांच्या कानी इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून पडत असता त्यासाठी साहेबाला साताऱ्यास आणण्याचे प्रयोजन आम्हांस तरी दिसत नाही.

शब्द जितका जुना तितकाच जिन्नसही जुना. कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या कोठाराचे वर्णन आहे; तेथे फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे पाच पदार्थ एका ओळीत मांडले आहेत. फाणित म्हणजे आपली काकवी, गुड म्हणजे गूळ, मत्स्यंडिका म्हणजे माशाच्या अंड्यांप्रमाणे दिसणारी रवाळ राब, आणि मग खंड व शर्करा. ज्या लोकांनी एका रसाच्या पाच अवस्थांना पाच नावे दिली त्यांची ह्या धंद्यातली जाण काय असेल ती असो! अलेक्झांडराचा दर्यासारंग नेआर्कस ह्याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात हिंदुस्थानात मधमाश्यांवाचून मध देणारी वेळूसारखी वनस्पती असल्याचे नमूद करून ठेवले. पुढे सन ६४७ मध्ये चीनचा सम्राट ताइ-त्सुंग ह्याने साखर करण्याची विद्या शिकण्यासाठी मगध देशी माणसे पाठविली. नंतरच्या काळी हीच विद्या सुधारून परत आली, तेव्हा उत्तरेकडच्या लोकांनी पांढऱ्या साखरेला 'चिनी' आणि खडीसाखरेला 'मिसरी' म्हटले. एक नाव चीनचे, दुसरे मिसर देशाचे. गुरूच्या घरी शिष्याच्या नावाने माल विकला जाऊ लागला.

मराठीतही असे एक नाव होते, ते आता कानांवर येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीतील माणसे पांढऱ्या शुभ्र साखरेला 'मोरस' म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावरील उसाच्या मळ्यांत आधी गुलाम राबत होते. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाल्यावर, १८३४ पासून, त्यांच्या जागी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. कलकत्ता व मद्रास ह्या बंदरांप्रमाणे मुंबई बंदरातूनही माणसे गेली, आणि त्यांत मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर गणपती बसवितात. म्हणजे कोकणातला किंवा घाटावरला एखादा गरीब मनुष्य समुद्रापार ऊस तोडीत होता, आणि त्या उसाची साखर त्याच्याच देशातले सुखवस्तू लोक 'मोरस' म्हणून चहात घालीत होते. साखरेच्या इतिहासात अशी पाने पुष्कळ आहेत, आणि ती कोठेच गोड नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरसच्या जोडीला युरोपातील बीटाची साखर आली. तेथील सरकारे निर्यातीला बक्षीस देत असल्यामुळे ती इतकी स्वस्त पडे की १८९९ साली हिंदुस्थान सरकारला तिच्यावर खास जकात बसवावी लागली. मग स्वदेशीची चळवळ उठली. १९०५ च्या सुमारास परदेशी साखर शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात ही गोष्ट गावोगाव पोहोचली, आणि पुण्यामुंबईकडच्या कित्येक घरांनी साखर टाकून गूळ धरला. हाडांच्या कोळशाची गोष्ट खरीच होती. धर्माच्या निमित्ताने का होईना, आपण खातो ती साखर कशी बनते असा प्रश्न सामान्य माणसाने विचारण्याची ही पहिलीच मोठी वेळ होय. मात्र त्या गडबडीत गुळाला कोणी प्रश्न विचारला नाही. गूळ आपला, तेव्हा तो शुद्धच असणार, असे ठरून गेले; आणि ते ठरलेले अजून तसेच चालू आहे.

आता कोल्हापूरकडे वळू. पंचगंगेच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठची जमीन, पाण्याची सोय आणि थंडीच्या दिवसांतली कोरडी हवा ह्यांमुळे ह्या मुलखातला गूळ पूर्वीपासून नावाजलेला. परंतु नाव असणे वेगळे आणि पेठ असणे वेगळे. १८९१ साली मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली, आणि १८९५ साली शाहू छत्रपतींनी स्टेशनालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. ह्या दोन घटना एकमेकींना लागून आहेत हे लक्षात घेतले म्हणजे महाराजांची दृष्टी कळते. पुढे १९०७ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचा संकल्प झाला. ते पुरे व्हावयास कित्येक दशके लागली, पण उसाचे भवितव्य त्या संकल्पातच निश्चित झाले. ऊसही बदलला. जुना 'पुंड्या' मागे पडून कोइमतूरच्या संशोधन केंद्रात संकराने तयार केलेल्या जाती आल्या. त्यांतली 'को ४१९' ही दख्खनभर पसरली. ऊस गाळण्याचा लाकडी घाणा जाऊन लोखंडी चरक आला, तो पुष्कळदा किर्लोस्करवाडीचा असे. त्याच कारखान्यात शेंगा फोडण्याचे यंत्रही होई. चिक्कीची दोन्ही अंगे एकाच भट्टीतून निघालेल्या लोखंडाने सुधारली, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. ('किर्लोस्कर' आणि 'स्त्री' ही मासिकेही त्याच आवारातून निघत, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.)

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेले नाही त्यांनी एकदा हिवाळ्यात करवीर, पन्हाळा किंवा कागल तालुक्यातील एखाद्या गावी जाऊन पहावे. पहाटे रस काढावयास लागतात. तो गाळून मोठ्या पसरट काहिलीत ओततात आणि खाली चुलवाण पेटवितात. जळण म्हणजे त्याच उसाचे वाळलेले चिपाड. बाहेरचे लाकूड लागत नाही. रस तापू लागला की त्यातली माती, मेण, हिरवा अंश वर येतो. तो धरून आणण्यासाठी रानभेंडीची झाडे ठेचून त्यांचे बुळबुळीत पाणी त्यात घालतात. हा चिकट पदार्थ रसभर पसरून घाण आपल्या अंगाला लावून घेतो आणि मळी होऊन तरंगतो. मग झाऱ्याने ती मळी काढून टाकावयाची. रसाचा आंबटपणा मारण्यासाठी चुन्याची निवळी घालतात. इतके झाल्यावर पुढचे सारे गुळव्याच्या हाती. रसाचे फेस बदलत जातात. आधी मोठे, मग बारीक व दाट. गुळव्या फेसाकडे पाहतो, वासाकडे लक्ष देतो, आणि वेळ आली असे वाटले की थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळवून पाहतो. गोळी घट्ट झाली की काहील उतरली. ह्या वेळी पाकाची उष्णता सुमारे ११५ ते ११८ अंश सेंटिग्रेड असते असे यंत्र सांगते, पण गुळव्याला यंत्र लागत नाही. चार अंश इकडे झाले तर गूळ पातळ राहील, तिकडे झाले तर करपेल. आणि एका आधणाची मेहनत वाया जाईल. नंतर तो पाक वाफ्यात ओतून ढवळीत निववावयाचा, आणि कापड घातलेल्या साच्यांत भरून त्याची ढेप करावयाची. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो.

येथपर्यंतची कृती पाहून कोणाचेही मन प्रसन्न होईल. ऊस, रानभेंडी, चुना आणि आग एवढाच पसारा. अशा रीतीने केलेला गूळ तांबूस किंवा तपकिरी होतो, क्वचित् काळसरही. कारण रसातील खनिजे, आम्ले व तापवल्याने करपलेली शर्करा ह्यांचा तो रंग आहे. आणि येथेच खरी गोष्ट सुरू होते. कोल्हापुरी गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आणि मुंबईत. त्या गिऱ्हाइकाला गूळ पिवळा, सोन्यासारखा हवा. बाजारात सौदे निघतात तेव्हा ढेपेवरून फडके दूर करून प्रथम पाहतात तो रंग. पिवळ्या गुळाला वरचा दर, काळ्याला खालचा. ज्या शेतकऱ्याचा वर्षाचा संसार त्या दरावर चालतो त्याने काय करावे? रानभेंडीने आणि चांगल्या गुळव्याच्या हाताने रंग उजळतो हे खरे. पण त्यालाही मर्यादा आहे. जमीन खारवट असली, ऊस पडलेला किंवा कोवळा असला, म्हणजे कितीही कसब केले तरी रंग उतरतच नाही. मग 'हायड्रोस'ची पूड येते.

हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या रंगकामात आणि कागदाचा लगदा पांढरा करण्यात हा पदार्थ वापरतात. तापलेल्या पाकात त्याची चिमूट पडली की काळवंडलेला रस डोळ्यांदेखत पिवळा होतो. जादूच म्हणावयाची, पण ही जादू टिकाऊ नाही. काही आठवड्यांनी रंग पुन्हा उतरतो, आणि असा गूळ हवेतले पाणी अधिक ओढून लवकर पाझरतो. मागे राहतो तो गंधकाचा अंश. खाण्याच्या गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये असा आपल्या देशात कायदा आहे. पण गुऱ्हाळावर चिमूट मोजण्यास तराजू कोठे असतो? गंधकाचा हा अंश निरोगी माणसाला थोडक्यात सोसतो. दम्याच्या रोग्याला मात्र त्याने धाप लागू शकते. आणि चिक्कीचे मोठे गिऱ्हाईक ते लहान मूल. गुळात स्वस्तातली साखर मिसळून वजन व रंग दोन्ही साधण्याची लबाडीही ह्याच मार्गाने आली, आणि तिजविरुद्ध खुद्द कोल्हापूरच्या गूळ उत्पादकांनीच वेळोवेळी ओरड केली आहे. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे नावाला कायद्याचे संरक्षण आले. नावाखालच्या ढेपेचे संरक्षण कोण करणार हा प्रश्न निराळा.

ह्या प्रकरणात गुऱ्हाळवाल्याला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु आमच्या मते मूळ दोष आमच्यासारख्या घेणाऱ्यांचा आहे. आम्ही दुकानात जाऊन दोन ढेपांतली पिवळी उचलतो, आणि ती पिवळी का हे विचारीत नाही. स्वच्छ म्हणजे पांढरे किंवा पिवळे ही कल्पना आम्ही मोरस साखरेच्या काळात शिकलो. साखर सोडली, पण ती कल्पना सोडली नाही. ती गुळाला लावली.

आता दुसरा घटक, शेंगदाणा. ह्याच्या देशीपणाविषयी तर कोणास शंकाच नाही, आणि तो मात्र अगदी परका आहे. भुईमूगाची जन्मभूमी दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हिया व अर्जेंटिना ह्यांच्या सीमेकडची. कोलंबसाच्या आधी आशिया खंडात त्याचा मागमूस नव्हता. युरोपियन जहाजांबरोबर तो जगभर गेला. आपल्या लोकांनी त्याला नाव दिले तेही ओळखीच्या धान्यावरून: भुईतला मूग. आपल्याकडे तो मोठ्या प्रमाणावर पसरला एकोणिसाव्या शतकात, आणि तोही पुष्कळसा मार्सेयच्या तेल व साबण कारखान्यांच्या मागणीमुळे. तीन-चारशे वर्षांत ह्या पाहुण्याने घरात अशी काही जागा मिळविली की, एकादशीच्या उपासाला गहू-ज्वारी चालत नाही, पण शेंगदाणा चालतो. त्याच ताटातला बटाटा, रताळे, साबुदाणा आणि मिरची हीही सारी अमेरिकेतलीच मंडळी. आमच्या पूर्वजांनी उपासाला परधान्य वर्ज्य करून ठेविले, आणि परखंडातले धान्य बिनदिक्कत आत घेतले!

संक्रांतीचा खरा जुना सोबती तीळ होय. हडप्पा येथील उत्खननात जळालेल्या तिळांचा गोळा सापडला आहे. म्हणजे तिळाची आणि ह्या भूमीची ओळख चार हजार वर्षांहून अधिक जुनी. तीळ महाग, वेचावयास किचकट. शेंगदाणा स्वस्त, मोठा आणि भाजला की खमंग. म्हणून तिळाच्या वडीची जागा शेंगदाण्याच्या वडीने हळूहळू बळकाविली. एक गोष्ट मात्र त्यात बदलली. तिळगूळ वर्षातून एकदा होई; चिक्की बारा महिने मिळू लागली.

ह्या बारमाहीपणाचे श्रेय आगगाडीला द्यावे लागते. बोरघाटातला लोहमार्ग १८५६ ते १८६३ ह्या काळात खोदला गेला. तेथे खपणाऱ्या हजारो मजुरांना स्वस्त आणि पोटाला आधार देणारी वस्तू म्हणून गुडदाणी विकली जाई, आणि तिचीच पुढे चिक्की झाली, अशी आठवण लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांत सांगतात. ती तंतोतंत खरी असो वा नसो, तिच्यात अर्थ आहे. गूळ आणि शेंगदाणे हे कष्टकऱ्यांचे खाणे. उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी देण्याची आपली चाल त्याच जातीची. पुढे घाट चढून आलेली गाडी लोणावळ्यास थांबे, फलाटावर पुडकी विकली जात, आणि हवा खाण्यास आलेले मुंबईकर ती घरी नेत. दगड फोडणाऱ्याचे अन्न अशा रीतीने बसून खाणाऱ्याचा खाऊ झाले. आमच्या मते चिक्कीच्या गुणदोषांची सारी किल्ली ह्या एका स्थित्यंतरात आहे. ज्या घासाने एकाचा दिवस निभत होता तोच घास दुसऱ्याच्या भरल्या पोटावर पडू लागला.

चिक्कीची कृती गृहिणींना ठाऊक आहे, तेव्हा तिच्यावर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. गूळ वितळवून पाक इतका आटवावयाचा की पाण्यात टाकलेला थेंब गोळी न होता काचेसारखा टिचला पाहिजे; मग भाजून सोललेले दाणे घालून, तूप लावलेल्या पाटावर लाटून, ऊन असतानाच वड्या पाडावयाच्या. पावसाळ्यात चिक्की मऊ पडून हाताला चिकटते ह्याचे कारण असे की, गुळात उसाच्या साखरेबरोबर फुटलेली साखर, म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज, शेकडा दहा-पंधरापर्यंत असते, आणि ती हवेतला ओलावा ओढते. हा चिकटपणा लक्षात ठेवावा. त्याचे काम पुढे आहे.

आता शील. चांगले आधी सांगतो. दाण्यात शेकडा पंचवीसच्या आसपास प्रथिन आणि जवळजवळ निम्मे तेल असते. निम्मे दाणे व निम्मा गूळ अशी तीस ग्रॅमची वडी घेतली तर तिच्यात सुमारे चार ग्रॅम प्रथिन आणि १४० उष्मांक येतात. खेड्यातल्या अर्धपोटी मुलाला ही वडी म्हणजे खरोखर अन्न आहे, आणि म्हणूनच सरकारी पोषण-योजनांत चिक्कीला स्थान मिळाले. २०१५ साली अंगणवाड्यांतील मुलांसाठी घेतलेल्या चिक्कीवरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. निविदेवाचून खरेदी आणि मालाचा दर्जा ह्यांविषयी आरोप झाले, चौकशी झाली. राजकारणाचा भाग आम्ही बाजूला ठेवतो. पण ज्या मुलाला दिवसाकाठी दुसरे काही मिळण्याचा भरवसा नाही त्याच्या वडीत काय आहे हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, हे आमच्या मते योग्यच झाले.

गुळाने रक्त वाढते ह्या श्रद्धेविषयी मात्र थोडे सांभाळून बोलले पाहिजे. गुळात लोह आहे हे खरे. परंतु ते किती, ह्याविषयी जुन्या व नव्या आहारकोष्टकांचा मेळ बसत नाही. नवे आकडे बरेच कमी आहेत. लोखंडी काहिलीचा अंश त्यात किती आणि उसाचा किती हाही प्रश्न उरतोच. वडीतल्या पंधरा ग्रॅम गुळाने पांडुरोग हटेल असे समजणाऱ्याने डॉक्टरचे तोंड न पाहणे धोक्याचे. आणि मधुमेह्यांविषयी तर बोलावयासच नको. 'साखर बंद आहे, म्हणून गूळ घेतो,' असे सांगणारी सुशिक्षित माणसे आम्हांस पदोपदी भेटतात! गुळात शेकडा ६५ ते ८५ भाग साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली, ती धडधाकट माणसाला दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅम, आणि साधल्यास २५. ह्या हिशेबात गूळ साखरेतच धरावा लागतो.

दातांचा विषय आला की एक दुःखद पण उपयोगी हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाचे मतिमंदांचे रुग्णालय होते. १९४५ नंतर तेथील रोग्यांवर काही वर्षे आहाराचे प्रयोग करण्यात आले. त्यांत काहींना जेवणाच्या मध्यंतरी मुद्दाम दाताला चिकटणारी टॉफी खाऊ घातली. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा माणसांचे दात किडू दिले गेले, आणि ह्या प्रयोगांना मिठाईच्या कारखानदारांचाही पैसा होता. ह्या कृत्याचे समर्थन होणे नाही. पण १९५४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आजही मानला जातो. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत. जेवणांच्या मधे वारंवार खाल्लेल्या चिकट मिठाईने ते झपाट्याने किडले. स्वीडिश लोकांनी त्यावरून मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, मिठाई देण्याची रीत घालून घेतली. आता चिक्कीकडे पहा. चिकटपणात ती टॉफीची सख्खी बहीण. दाढेच्या खाचेत तिचा तुकडा तासभर बसून राहतो. गूळ देशी आहे हे दाताच्या किडीला समजत नाही. आणि संक्रांतीला एकदा खाण्याच्या जुन्या रिवाजात स्वीडिश शनिवाराचे सारे शहाणपण होते. बारमाही पुडक्याने ते गेले.

शेंगदाण्याचाही एक दोष आहे, आणि तो गुळाच्या दोषाहून गंभीर. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. शोध करता त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमूगाची पेंड निघाली, आणि पेंडीत एक बुरशी. ह्या बुरशीने निर्माण होणाऱ्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. ओलसर जागी साठविलेल्या दाण्यांवर ती वाढते. तिचे विष यकृताला मारक असून त्याने कर्करोग होतो. आणि भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही. उपाय एकच: काळवंडलेला, सुरकुतलेला, बुरसटलेला दाणा वेचून टाकणे. हे काम आपल्या घरांतल्या वृद्ध स्त्रिया सुपात दाणे घेऊन, गप्पा मारीत, विनामूल्य करीत असत. चिक्कीच्या पुडक्यात ते कोणी केले की नाही हे ओळखण्याची सोय नाही. सुटा दाणा खवट निघाला तर मूल थुंकून टाकते. पण दाणा कुटून काळ्या गुळात बुडविला की त्याचा रंग गुळात लपतो आणि कडवटपणा गोडीत. म्हणून दाण्याचा कूट घातलेल्या चिक्कीपेक्षा अख्ख्या किंवा डाळ्या दाण्यांची चिक्की घ्यावी, असा आमचा वाचकांस आग्रह आहे. दाणा डोळ्यांना दिसतो, एवढे तरी त्यात आहे.

घरी करणे हा तर सर्वांत चांगला मार्ग. एका संध्याकाळचे काम आहे, आणि मुलांना त्यात मौज वाटते. गूळ घेताना तो तपकिरी पाहून घ्यावा, आणि दुकानदाराला 'हायड्रोस घातला आहे काय' असे सरळ विचारावे. उत्तर खरे मिळेलच असे नाही, पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले म्हणजे अकरावे ढेपेकडे निराळ्या नजरेने पाहू लागते. काही वर्षांपासून पुण्यामुंबईच्या दुकानांत रसायनावाचून केलेला काळसर गूळ चढ्या दराने विकला जाऊ लागला आहे. विकत घेणारे पुष्कळदा त्याच घरांतले, जेथे मागच्या पिढीत पिवळ्याखेरीज गूळ उंबरा ओलांडीत नसे. कोल्हापूरच्या आसपास काही गुऱ्हाळांनी तसा गूळ काढावयास सुरुवातही केली आहे. परंतु गुऱ्हाळांची संख्याच घटत चालली आहे. साखर कारखाना ऊस नेतो आणि ठरलेला दर देतो. गुळव्याची विद्या शिकावयास तरुण मुले येत नाहीत, आणि चुलवाणाशी दिवस काढण्यास मजूर मिळत नाही. रानभेंडीचे पाणी किती घालावे, फेस कोणत्या क्षणी बदलतो, हे ज्यांना हाताने कळते अशी माणसे आता बहुतेक साठीच्या पुढची आहेत. पाडव्याच्या मुहूर्तावर बाजार समितीत नव्या गुळाचे सौदे निघतात, तेव्हा ढेपेवरचे फडके अजूनही दूर होते, आणि बोली सुरू होण्यापूर्वी सारे पाहतात तो रंगच.